पॅसेजमधले बोहेमियन

शहरातल्या कुठल्याही नव्या फ्लॅटचं दार उघडलं की आधी लागतो तो पॅसेज. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याला 'फोयर' असं भारदस्त नाव असतं. प्रत्यक्षात तिथे दोन माणसं शेजारी-शेजारी उभी राहिली की तिसऱ्याने जिन्यात थांबायचं. एवढ्याशा जागेत चपलांचं कपाट, विजेचा बोर्ड आणि किल्ल्या अडकवायची खुंटी बसवून उरलेल्या भिंतीचं काय करायचं, हा गृहकर्ज फेडणाऱ्या समस्त जनतेपुढचा यक्षप्रश्न. हल्ली त्याला एक तयार उत्तर मिळतं: "बोहो करून टाका!"

बोहो करणे म्हणजे काय? तर दोऱ्यांच्या गाठी मारून केलेलं मॅक्रमे भिंतीवर, आरसेकामाचं तोरण दारावर, वेताच्या टोपलीत छत्र्या, जमिनीवर लांबट विणलेली सतरंजी, आणि एकही दुसरीशी जुळणार नाही अशा पाच-सात फ्रेम्स. सगळं कसं जगभर भटकून वर्षानुवर्षं जमवल्यासारखं दिसलं पाहिजे. हे 'जमवलेलं' सामान एका क्लिकवर, एका खोक्यात, एकाच दिवशी घरी येतं. अस्ताव्यस्तपणाचाही सेट मिळतो मंडळी, आणि तोही ईएमआयवर!

आमच्याकडेही हा विषय निघाला. मी नेहमीप्रमाणे "पण याला बोहो का म्हणतात?" असं विचारलं. "अरे, एक तोरण लावायचंय, पीएचडी नाही करायची," असं उत्तर मिळालं. उत्तर रास्त होतं. पण एकदा डोक्यात किडा वळवळायला लागला की शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा.

बोहो म्हणजे बोहेमियन. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग, प्राग शहर त्यातच येतं. आता गंमत अशी की आपल्या पॅसेजमधल्या मॅक्रमेचा, तोरणाचा, सतरंजीचा प्रागशी काडीचाही संबंध नाही. मग हे नाव आलं कुठून? ते शोधता शोधता लक्षात आलं की या शैलीची गोष्ट ही मुळात दाराचीच गोष्ट आहे. कोणाला आत घेतलं आणि कोणाला बाहेर उभं केलं, याची.

पण आधी पॅसेजबद्दल थोडं. आपल्याला वाटतं, पॅसेज घराइतकाच जुना असणार. तसं नाहीये. युरोपातल्या जुन्या मोठ्या घरांत एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असंच जावं लागे. एकेका खोलीला तीन-तीन, चार-चार दारं. तुम्ही जेवताय आणि शेजारून नोकर कोळशाची बादली घेऊन चाललाय, हे अगदी नेहमीचं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्याला सर रॉजर प्रॅट या वास्तुरचनाकाराने कोल्सहिल हाउस नावाचं घर बांधलं. त्यात प्रत्येक मजल्यावर घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ पॅसेज काढला. कशासाठी? प्रॅटने स्वतःच लिहून ठेवलंय: नोकरांची ये-जा मालकांच्या नजरेस पडू नये म्हणून! रॉबिन इव्हान्स या अभ्यासकाने १९७८ साली दारं आणि पॅसेज यांच्यावर एक सुंदर निबंध लिहिला, त्यात हा सगळा इतिहास आहे. (कोल्सहिल हाउस मात्र १९५२ साली आगीत गेलं.)

आता तुम्ही म्हणाल, ही साहेबांची थेरं. पण आपले वाडे तरी काय वेगळे होते? दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग ओसरी, मग माजघर. कोणी देवडीपर्यंत यायचं, कोणी ओसरीवर टेकायचं आणि कोणी माजघरात जायचं हे जातीवर ठरलेलं असे. काहींना तर दिंडी दरवाजाही ओलांडता येत नसे. थोडक्यात काय, तर पॅसेज ही घराची फायरवॉल. कुठलं पॅकेट आत सोडायचं आणि कुठलं दारातच ड्रॉप करायचं, ते तिथे ठरतं.

तर अशाच एका बंद दाराशी आपल्या 'बोहो'ची सुरुवात होते. साल १४२७, महिना ऑगस्ट, गाव पॅरिस. शंभरेक अनोळखी माणसांचा तांडा शहरापाशी आला. बायका, पोरं, घोडे असा सगळा लवाजमा. त्यांना पॅरिसमध्ये घेतलं नाही. वेशीबाहेर ला शापेल नावाच्या वस्तीत उतरवलं. (आज ला शापेल पॅरिसच्या पोटातच आहे.) त्या काळातल्या एका निनावी पॅरिसकराची रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्यात हे सगळं येतं. या लोकांना बघायला शहरातून झुंडीच्या झुंडी गेल्या. बायका हात बघून भविष्य सांगत. ते हात बघता बघता खिसे रिकामे करतात, अशी आवई उठली. रोजनिशीवाला मात्र प्रामाणिक गृहस्थ दिसतो. तो म्हणतो, मी तीन-चारदा जाऊन त्यांच्याशी बोलून आलो, माझा एक पैसाही गेला नाही. पण आवईपुढे कोणाचं काय चालतं! बिशपने हात दाखवणाऱ्यांना बहिष्कृत केलं आणि सप्टेंबरच्या आठ तारखेला तांड्याला तिथून निघावं लागलं.

हे लोक म्हणजे रोमा. आपण 'खालच्या इजिप्तमधून' आलो असं ते सांगत, म्हणून इंग्रजांनी त्यांना 'इजिप्शियन'वरून 'जिप्सी' म्हटलं. फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियाँ' म्हटलं. हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याने १४२३ साली अशाच एका तांड्याला संरक्षणाचं पत्र दिलं होतं आणि हा सिगिस्मुंड बोहेमियाचाही राजा होता. अशी बोहेमियाच्या राजाची पत्रं दाखवत येणारे ते 'बोहेमियाँ', अशी या नावाची एक उपपत्ती सांगतात. काहीही असो, दोन्ही नावं चुकीची. ना इजिप्त, ना बोहेमिया.

मग कुठले? याचं उत्तर मिळालं तेही आपल्यासारख्यांना आवडेल अशा पद्धतीने. १७८२ साली योहान रूडिगर या जर्मन विद्वानाने रोमा लोकांच्या भाषेची भारतीय भाषेशी पद्धतशीर तुलना करून दाखवून दिलं की ही भाषा भारतातली आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', माणसाला 'मनुष', काळ्याला 'कालो'. पुढची गंमत तर अजून भारी. शब्दाच्या सुरुवातीचा 'घ' त्यांच्याकडे 'ख' झाला, 'भ'चा 'फ' झाला. सरळ फाइंड अँड रिप्लेस! म्हणून आपलं 'घर' त्यांच्याकडे 'खेर' झालं आणि 'बहीण' झाली 'फेन'. दाराला ते म्हणतात 'वुदार', संस्कृत 'द्वार'वरून आलेलं.

एक ते पाच आकडे ओळखीचे: येख, दुय, त्रिन, श्तार, पंज. पण सात, आठ, नऊ मात्र ग्रीक! शिवाय भाषेत फारसी आणि आर्मेनियन शब्द. म्हणजे साधारण हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसं कुठल्या रस्त्याने गेली, त्याची पूर्ण कमिट हिस्टरी त्यांच्या भाषेतच नोंदलेली आहे. दारोदार हाकललेल्या माणसांनी घर आणि दार हे दोन्ही शब्द हजार वर्षं सांभाळले. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा वेळ गच्चीत जाऊन उभा राहिलो.

आता चारशे वर्षं पुढे येऊ. पॅरिसच. १८३० च्या दशकात तिथले काही लेखक आणि पत्रकार, फाटक्या खिशाच्या, ठावठिकाणा नसलेल्या तरुण चित्रकार-कवींना 'बोहेमियाँ' म्हणायला लागले. हे नाव जगभर नेलं आन्री म्युर्जे या लेखकाने. जन्म १८२२. वडील शिंपीकाम करायचे आणि एका इमारतीचे कोन्सिएर्ज होते. कोन्सिएर्ज म्हणजे इमारतीच्या प्रवेशाशीच खोली असलेला दारवान. आल्यागेल्यावर नजर ठेवणं, टपाल घेणं, भाडं थकलेल्यांना हटकणं, ही त्याची कामं. म्हणजे बोहेमियन जगाची कीर्ती करणारा माणूस अक्षरशः पॅसेजमध्ये वाढलेला! त्या काळात लिफ्ट नव्हती, त्यामुळे श्रीमंत खालच्या मजल्यांवर आणि गरीब सर्वात वर, छपराखालच्या खोलीत. म्युर्जे तिथेही राहिला. १८४५ पासून त्याने एका छोट्या पत्रात या जीवनाची शब्दचित्रं लिहिली, १८४९ साली त्यावरचं नाटक धो धो चाललं आणि १८५१ साली पुस्तक निघालं. पुढे १८९६ साली पुच्चिनीने त्याचाच ऑपेरा केला, 'ला बोहेम'.

म्युर्जेच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मार्सेल नावाचा चित्रकार नव्या खोलीत राहायला येतो. दारवान विचारतो, सामान कुठाय? मार्सेलकडे असतो फक्त रंगवलेल्या कापडाचा घडीचा पडदा, नाटकाच्या नेपथ्यासारखा. त्यावर राजवाड्याचा दिवाणखाना, दगडी खांब, मोठमोठी चित्रं असा सगळा थाट रंगवलेला. हेच माझं फर्निचर, म्हणतो. मला वाटतं, बोहेमियन सजावटीची अख्खी व्याख्या या पडद्यात आहे. ही शैली कोणी ठरवून काढलेली नाही. जे विकत घेणं परवडत नाही ते रंगवायचं, जे फुकट मिळेल ते टांगायचं, फाटकं झाकायला त्यावर चादर टाकायची. आज आपण जिला एस्थेटिक म्हणतो ती तेव्हा तंगी होती.

पण म्युर्जेने पुस्तकाच्या प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट केली आहे. तो वाचकांना आवर्जून सांगतो, की माझे बोहेमियन म्हणजे ते अस्वलं नाचवणारे, तलवारी गिळणारे नव्हेत हं! नाव घेतलं आणि ज्यांचं नाव घेतलं त्यांना दाराबाहेर ठेवलं. कोन्सिएर्जचाच मुलगा तो. आणि १८५१ साली हे पुस्तक लोक मिटक्या मारत वाचत होते तेव्हा वालाकिया आणि मोल्डाविया या प्रांतांत, म्हणजे मुख्यतः आजच्या रोमानियात, खरेखुरे रोमा गुलाम होते. विकले जाणारे गुलाम. मोल्डावियात त्यांची सुटका झाली १८५५ साली, वालाकियात १८५६ साली. तिकडे पॅरिसमध्ये बंधनं न मानणाऱ्याला 'बोहेमियन' म्हणायची फॅशन आली होती!

यानंतरचा मोठा टप्पा इंग्लंडमध्ये आणि तोही भाड्याच्या घरात. (भाडेकरू मंडळी, कान टवकारा.) १९१६ साली पहिल्या महायुद्धात सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. डंकन ग्रांट हा चित्रकार आणि डेव्हिड गार्नेट हे दोघे युद्धविरोधी, त्यांना सैन्याऐवजी शेतावर काम करणं भाग होतं. म्हणून व्हेनेसा बेल ही चित्रकार, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फची बहीण, या दोघांना आणि आपल्या मुलांना घेऊन ससेक्समधल्या चार्ल्स्टन नावाच्या शेतघरात राहायला आली. त्यांनी तिथे जे दिसेल ते रंगवलं. दारांच्या फळ्या, शेकोटीच्या कडा, टेबलं, पुस्तकांची कपाटं, भिंती. दारावर फुलदाणी, कपाटावर माणसं. डंकन ग्रांट १९७८ साली मरेपर्यंत चार्ल्स्टन त्याचं घर होतं. १९८६ पासून ते लोकांना बघायला खुलं आहे आणि आजचं अर्धंअधिक बोहो त्याचीच नक्कल करतं. स्वतःचं नसलेलं घर इतक्या जीव तोडून रंगवणारी माणसं मला तरी फार आवडतात. आपल्याकडे घरमालक एक खिळा ठोकू देत नाही, ते सोडा.

मात्र चार्ल्स्टनमध्येही एक दार होतंच. ग्रेस हिगेन्स ही बाई १९२० साली, सोळाव्या वर्षी, या कुटुंबाकडे कामाला लागली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं ते घर तिने चालवलं. स्वैपाक, झाडलोट, शेगड्या. सगळ्या रूढी मोडणाऱ्यांच्या घरी चहा मात्र ग्रेसच करत होती. तिच्या नावाची एक पाटी आज त्या स्वैपाकघरात आहे, व्हेनेसाचा मुलगा क्वेंटिन बेल याने केलेली. तेवढं एक बरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही हवा अमेरिकेत गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अॅशबरी भागातल्या जुन्या लाकडी घरांत १९६७ च्या सुमारास हिप्पी तरुण-तरुणी दाटीवाटीने राहत. पैसे कमी, भिंती मोठ्या. मग भिंतींवर काय? छापील भारतीय पलंगपोस! आणि जिथून पलंगपोस येतात तिथेच जाऊ, म्हणत युरोप-अमेरिकेतले हजारो तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे भारतात आणि पुढे गोव्यात उतरले. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत आक्रमण यांनी तो रस्ता बंद पाडला. तोपर्यंत हणजुण्याच्या समुद्रकाठी हिप्पींचा बुधवारचा बाजार रुजला होता. परतीच्या तिकिटासाठी कॅमेरे, जीन्स, पुस्तकं विकायची, अशी त्याची सुरुवात.

त्या बाजारात हळूहळू आणखी कोणी येऊन बसलं. उत्तर कर्नाटकातून आलेल्या लमाण बायका. आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत ठिगळं जोडून शिवलेलं त्यांचं कापड, त्याच्या पिशव्या आणि तोरणं. त्यांच्या फेटिया-कांचळीवर जे भरतकाम पिढ्यानपिढ्या होत आलं, तेच कापून, शिवून पर्यटकांसाठी. आपल्या पॅसेजच्या दारावर जे 'बोहो तोरण' लटकतं त्याचं घराणं बऱ्याचदा कच्छ, राजस्थान नाहीतर या तांड्यांपर्यंत पोचतं.

लमाण आणि रोमा एकच, असं छातीठोकपणे सांगणारं बरंच काही वाचायला मिळतं. दोघांचे पूर्वज भारतातले हे खरं, पण त्यांचं थेट नातं भाषेच्या पुराव्यावर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा तो मोह टाळू. पण दोघांशी जग कसं वागलं, त्यात साम्य आहे. बंजारा-लमाण शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत. मुघल फौजांना रसद पुरवणारे तेच. मग सडका आल्या, १८५३ नंतर रेल्वे आली, धंदा बसला. १८७१ साली इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' कायदा केला आणि पुढे अनेक भागांत बंजारांची नावंही त्या यादीत चढली. जन्मला म्हणजे गुन्हेगार! ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती 'विमुक्त' झाल्या. आपल्या महाराष्ट्रात १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक बंजारा समाजाचे. तरी शिक्का लगेच पुसला जात नाही. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपलं आत्मकथन लिहिलं, त्याचं नावच 'उपरा'.

तिकडे युरोपात नाझींनी दोन लाखांहून जास्त रोमा मारले. १९७१ साली लंडनजवळ रोमा प्रतिनिधींची पहिली जागतिक परिषद भरली. त्यांनी आपल्या झेंड्यावर सोळा आऱ्यांचं लाल चाक पक्कं केलं आणि इतरांनी लादलेली सगळी नावं नाकारून आम्हाला रोमा म्हणा, असं सांगितलं. त्यांचा झेंडा फारसा कोणाला माहीत नाही. 'बोहो' मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता मुद्द्यावर येतो. तोरण लावूच नका, असं मी अजिबात म्हणत नाहीये. लावा की! उलट, भरतकाम करणारीला पैसे मिळणार असतील तर दोन लावा. फक्त शक्य असेल तर ते करणारीकडून किंवा तिला नीट दाम देणाऱ्या संस्थेकडून घ्या, घासाघीस न करता. कोणी केलं, कुठून आलं, हे विचारून ठेवा. मार्सेलचा पडदा आणि चार्ल्स्टनची दारं बघता, खोकाबंद सेटपेक्षा आजीची जुनी गोधडी, पोरांनी रंगवलेली फळी, प्रवासात खरंच उचललेलं काहीतरी, हे जास्त बोहेमियन आहे. शिवाय स्वस्त!

पण खरी गोम भिंतीवर नाहीच, दारात आहे. आमच्या सोसायटीत तीन लिफ्ट आहेत. एकीवर पाटी आहे: घरकामगार व डिलिव्हरीवाल्यांसाठी. ती बंद असली की पाण्याचा जार खांद्यावर घेऊन माणूस नऊ मजले चढतो आणि वर येऊन घाम पुसत उभा राहतो तो नेमका आरसेकामाच्या तोरणाखाली. तोरणात त्याचे पंचवीस-तीस चेहरे दिसतात. कोल्सहिलच्या सर रॉजर प्रॅटना आमची सोसायटी फार आवडली असती.

तर आमच्या पॅसेजचं ठरलंय ते असं. तोरण येणार (हट्ट पुरवावा लागतो). मॅक्रमे नाही. त्या जागी एक साधं लाकडी बाकडं आणि पाण्याची बाटली. जो कोणी दार वाजवेल त्याने आधी टेकायचं, मग सही घ्यायची. आणि पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्यात लिफ्टच्या पाटीचा विषय मी लेखी दिलाय. सेक्रेटरींनी तो 'ऐनवेळचे विषय' मध्ये ढकललाय, म्हणजे चहा-समोसे झाल्यावर, निम्मी मंडळी उठल्यावर. असो. मी समोसे संपेपर्यंत बसणार आहे. तुमच्याही सोसायटीत अशी पाटी असेल तर बघा, एक अर्ज लिहायला दहा मिनिटं पुरतात.